हे देणं कोणाचं?

बडोद्यातल्या एका कॉलेजात यंदा शिकवायला लागलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने विचारलंय: ‘मॅडम, तिसऱ्या वर्षाला मौद्रिक अर्थशास्त्र आणि डिजिटल वित्त असा जोडपेपर आलाय. पहिला अर्धा मुलांना कोरडा वाटतो, दुसऱ्या अर्ध्यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं. निम्मा वर्ग गुजराती माध्यमातला. आठवड्याला चार तास, आणि पुस्तकांतली उदाहरणं सगळी परदेशातली. सुरुवात कुठून करू?’

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस. हा विषय मी सत्तावीस वर्षं शिकवतेय. त्यातली पहिली दहा मी तो चुकीच्या टोकाने शिकवला, त्यामुळे सांगण्यासारखं बरंच साठलंय.

आधी ते ‘पहिला अर्धा, दुसरा अर्धा’ डोक्यातून काढ. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी दोन कापडं जोडली म्हणून तू शिवण दाखवत बसायला हवं असं कुठे लिहिलंय? मी सत्रभर एकच प्रश्न फिरवते: हातातला हा पैसा कोणाचं देणं आहे? नोट, बँकेतली ठेव, वॉलेटमधली शिल्लक, ई-रुपया, बिटकॉइन, प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायचा. देणेकरी बदलला की धोका बदलतो, लागू होणारा कायदा बदलतो आणि रिझर्व्ह बँकेचा हात तिथपर्यंत पोचतो की नाही तेही बदलतं. मुलांना ॲप वापरता येतं, ते तुझ्यापेक्षा पटापट. पण पैसे ‘गेले’ म्हणजे कोणाच्या वहीतून कोणाच्या वहीत गेले, हे त्यांना विचारून बघ. घाबरण्याचं कारण उरणार नाही.

पहिल्या तासाला व्याख्या नको. पैशाची कार्यं बारावीतच पाठ झालेली असतात, ती पुन्हा सुरू झाली की मागचे बाक मोबाइलमध्ये शिरतात. मी दोन नोटा नेते, एक दहाची आणि एक एक रुपयाची. दहाची वर्गात फिरवायची आणि तिच्यावर काय काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायला लावायचं. कोणीतरी ‘मैं धारक को दस रुपये अदा करने का वचन देता हूँ’ आणि खालच्या गव्हर्नरच्या सहीपर्यंत येतं. मग विचारायचं, ही घेऊन रिझर्व्ह बँकेत गेलात तर काय मिळेल? हसाहस होते. मग एखादी पोरगी म्हणते, ‘दुसरी दहाची नोट.’ बरोबर, नाहीतर तेवढ्याची चिल्लर. आता एक रुपयाची नोट दे. तिच्यावर भारत सरकार, सही वित्त सचिवांची, आणि वचन शोधूनही सापडत नाही. तिची छपाई १९९४ मध्ये थांबली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तरी बहुतेक पोरांनी ती हातात धरलेली नसते. एक नोट रिझर्व्ह बँकेचं देणं, दुसरी थेट सरकारचं, आणि दुकानदार दोन्ही सारख्याच घेतो. का घेतो, यावर उरलेला तास आपोआप जातो. (दहाच्या नोटेच्या मागच्या भाषापट्टीत गुजराती तिसरी आणि मराठी आठवी. ते शोधण्यात दोन मिनिटं जातील, जाऊ दे.)

दुसऱ्या तासाला पासबुक. तिथली शिल्लक रिझर्व्ह बँकेचं देणं नव्हे, त्या बँकेचं. बँक बुडाली तर ठेव विम्यातून मिळतात ५ लाखांपर्यंत. ही मर्यादा २०२० मधली, त्याआधी १९९३ पासून १ लाखच होती. हे सांगताना मी घरची गोष्ट सांगते. २००१ च्या मार्चमध्ये गुजरातेत सहकारी बँकांपुढे रांगा लागल्या. माझ्या आईची मुदत ठेव तशाच एका छोट्या बँकेत अडकली. ‘विम्याची मर्यादा’ हे शब्द तिने त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकले, आणि पोटची मुलगी मात्र कॉलेजात हाच विषय शिकवत होती! आई तेव्हा काही बोलली नाही. पण तेव्हापासून प्रत्येक वर्गाला दुसऱ्याच तासाला ठेव विमा सांगायचा, हा नियम मी केला. वॉलेटची शिल्लक आणखी निराळी: ती वॉलेट कंपनीचं देणं, आणि तिच्या बदल्यातली रक्कम बँकेत फक्त त्याच कामासाठी राखलेल्या, म्हणजे एस्क्रो, खात्यात ठेवावी लागते. ई-रुपया मात्र थेट रिझर्व्ह बँकेचं देणं, नोटेचं इलेक्ट्रॉनिक भावंड. २०२२ च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँक कायद्यात ‘नोट’ या शब्दात डिजिटल रूपही धरलं आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला किरकोळ वापराची चाचणी सुरू झाली. दुसऱ्या तुकडीत आपली बँक ऑफ बडोदाही होती. वर्गात हटकून प्रश्न येतो: ‘मग यूपीआय कोणाचं देणं?’ कोणाचंच नाही. यूपीआय हा पैसाच नव्हे, तो निरोप आहे. हे वाक्य फळ्यावर लिहून ठेव आणि पुढच्या महिन्यापर्यंत पुसू नकोस.

आता ताळेबंद. इथे तुझा गुजराती माध्यमाचा निम्मा वर्ग ओझं नाही, भांडवल आहे. दिवाळीला चोपडा पूजन बघत मोठी झालेली पोरं जमा-उधार रक्तातच घेऊन येतात. पाठ्यपुस्तकातली इंग्रजी टी-खात्याची आकृती काढण्याऐवजी ‘हे बँकेचं नामं (गुजरातीत हिशेब) समजा’ म्हणून उभी रेघ मार. डावीकडे येणं, उजवीकडे देणं. हाथीखान्यातल्या दाण्याच्या व्यापाऱ्याच्या मुलाला ते समजावून सांगावं लागत नाही, उलट तोच शेजाऱ्याला समजावतो.

मी स्वतः कशी तोंडावर आपटले ते इथेच सांगते. पतनिर्मिती, म्हणजे बँका कर्जातून नवा पैसा कसा तयार करतात, ते शिकवताना मी वर्षानुवर्षं फळ्यावर तेच लिहायचे: १०० ची ठेव आली, १० राखीव ठेवले, ९० चं कर्ज दिलं, ते ९० दुसऱ्या बँकेत गेले, तिने ८१ दिले, आणि शेवटी भूमितीय श्रेणी मांडून १,०००. सुंदर दिसतं. एका वर्षी तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा हात वर करून म्हणाला, ‘मॅडम, पप्पा को-ऑपरेटिव्ह बँकेत लोन बघतात. तिथे कोणी विचारत नाही की आज ठेव आली का. लोन पास होतं, पार्टीच्या खात्यात जमा होतं. रोकडचं पुढे बघून घेतात.’ मी म्हटलं, पुस्तकात असं दिलंय. वर्ग गप्प बसला, पण त्या मुलाचा चेहरा मला रात्रभर दिसत राहिला, कारण बरोबर तो होता. कर्ज मंजूर झालं की बँक आपल्या वहीत दोन नोंदी करते: डावीकडे कर्ज, उजवीकडे त्याच ग्राहकाची ठेव. ठेव त्या क्षणी जन्माला येते. राखीव रोख नंतर येते. रोख राखीव प्रमाण (ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेत ठेवावा लागतो तो) मोजतात तेच मुळी काही दिवस आधीच्या देण्यांवर. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी त्या मुलाला फळ्यापाशी बोलावलं आणि दोन्ही नोंदी त्याच्याकडून करून घेतल्या. पुढे २०१४ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने आपल्या त्रैमासिकात हेच स्वच्छ लिहिलं तेव्हा मला त्याची आठवण झाली.

गुणक, म्हणजे ते १०० चे १,००० करणारं गणित, शिकवायचाच नाही, असं नाही. परीक्षेत येतो. पण क्रम उलटा ठेव. आधी नोंदी, मग बँकेला कर्ज देताना आवरतं कोण, याची चर्चा: चांगला कर्जदार मिळणं, भांडवलाचं प्रमाण, आणि ग्राहकाने ठेव दुसऱ्या बँकेत हलवली की लागणारी राखीव रक्कम कोणत्या दराने मिळेल ते. तो दर म्हणजे रेपोची (रिझर्व्ह बँक बँकांना उसने देते त्या दराची) गल्ली, आणि तिथे पतधोरण आपल्या पायाने चालत येतं. गुणक शेवटी, केवळ एक भागाकार म्हणून. रिझर्व्ह बँकेची साप्ताहिक सांख्यिकी पुरवणी दर शुक्रवारी निघते. तिच्यातून एम-तीन (लोकांकडची रोख आणि बँकांतल्या ठेवी मिळून) आणि राखीव पैसा (चलनातली रोख आणि रिझर्व्ह बँकेकडची बँकांची शिल्लक) उचलायचा आणि मुलांनी स्वतः भागायचं. प्रत्येक तारखेला थोडं वेगळं उत्तर येतं, मग ‘मॅडम, पुस्तकात तर स्थिर लिहिलंय’ अशी तक्रार येते. ती तक्रार येईपर्यंत पुढे जाऊ नकोस.

यूपीआय कसं शिकवायचं, याला मी सर्वात जास्त वेळ देते. भारतीय वर्गाला मिळालेलं हे जगातलं सर्वात चांगलं उदाहरण आहे आणि आपण ते ‘फायदे-तोटे’ लिहून वाया घालवतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेली ही व्यवस्था २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार करत होती. आकडा एकदा सांगून सोडून दे. खरी मजा पोटात आहे.

मी आंगडियापासून, म्हणजे गावोगाव रक्कम पोचवणाऱ्या गुजराती पेढ्यांपासून, सुरू करते. इथल्या मुलांना आंगडिया ठाऊक असतो, निदान शब्द तरी. बडोद्याच्या पेढीवर एकाने रक्कम दिली, सुरतेच्या पेढीवर दुसऱ्याला ती मिळाली. मधे निरोप गेला, खूण म्हणून एखाद्या नोटेचा नंबर. तो नंबर दाखवला की सुरतेचा माणूस पैसे मोजून देतो. आता वर्गाला विचार: बडोद्याची ती रोकड सुरतेला गेली का? नाही गेली. संध्याकाळी दोन्ही पेढ्या बसतात, सुरतेहून बडोद्याला आलेलेही निरोप असतातच, एकमेकांत वळते होतात आणि फक्त फरक उरतो. हे फळ्यावर काढून झालं की पेढीच्या जागी बँक लिही, निरोप्याच्या जागी एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था), आणि संध्याकाळच्या हिशेबाच्या जागी दिवसातून अनेकदा होणारी निव्वळ तडजोड, म्हणजे फक्त फरक चुकवणं. चहावाल्याचा डबा ‘दस रुपये प्राप्त हुए’ बोलतो तेव्हा त्याच्या बँकेने त्याच्या खात्यात जमा केलेलं असतं, पण तुझ्या बँकेकडून त्या बँकेला अजून काही मिळालेलं नसतं. थोडा वेळ एका बँकेचं दुसऱ्या बँकेकडे येणं राहतं. आणि फरक शेवटी कशात चुकवतात? रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांत, आरटीजीएसमधून (मोठ्या रकमा तिथल्या तिथे चुकवण्याची रिझर्व्ह बँकेची यंत्रणा). आंगडियाशी असलेलं साम्य इथे संपतं, आणि मध्यवर्ती बँक मुळात कशासाठी लागते हे इथे कळतं. आरटीजीएस २०२० च्या डिसेंबरपासून चोवीस तास का चालू ठेवावी लागली, हे मग कोणीतरी आपणहून सांगतं.

याचं प्रात्यक्षिक एकदा माझ्या अंगाशी आलं होतं. वर्गात मोठ्या रुबाबात पहिल्या बाकावरच्या मुलीला एक रुपया पाठवला. माझ्या खात्यातून वजा झाला, तिच्याकडे जमा नाही. स्क्रीनवर नुसतं गोल फिरतंय, आणि साठ पोरं ‘मॅडमचा रुपया गेला’ म्हणून ओरडतायत. तयार करून आणलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि फळ्यावर चार रकाने काढले: माझं खातं, माझी बँक, तिची बँक, तिचं खातं. रुपया या क्षणी कुठल्या रकान्यात आहे? वादावादी झाली ती तास संपला तरी थांबेना. नियम असा की लाभार्थ्याच्या खात्यात जमा झाला नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवा, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. रुपया दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. पोरं हळहळली, भरपाई बुडाली म्हणून. त्या बॅचमधल्यांना तडजोड, जोखीम, भरपाई यातलं पुढे काही शिकवावं लागलं नाही.

खर्च कोणाचा, हा प्रश्न मात्र सोडू नकोस. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. तरी निरोप वाहून नेणारी यंत्रं, फसवणूक पकडणारी माणसं, बोलणारा डबा यांना पैसा लागतोच. मी मुलांना खंडेराव मार्केटमध्ये पाठवते, तीन-तीनच्या गटात, प्रत्येक गटाला दोनच प्रश्न: गाड्यावरचा क्यूआर कोणाच्या खात्याचा आहे, आणि उद्या पहाटे माल उचलताना पैसे कसे देणार? उत्तरं ऐकण्यासारखी येतात. क्यूआर मुलाच्या नावावर, कारण बाईंचा मोबाइल साधा. किंवा दिवसभरचं ऑनलाइन आलेलं रात्री एटीएममधून काढायचं, कारण होलसेलवाला रोखीतच घेतो. एका गटाला भाजीवाल्या मावशींनी उलट विचारलं, ‘तुम्ही काही घेणार की नुसतं लिहिणार?’ तेव्हापासून प्रत्येक गटाला पाव किलो काहीतरी विकत घेण्याची सक्ती आहे, स्वतःच्या खर्चाने.

यातूनच रोखीचं कोडं निघतं. ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १,००० च्या १५.४१ लाख कोटींच्या नोटा रद्द झाल्या, पैकी ९९.३ टक्के बँकांत परत आल्या. त्याआधी चलनात सुमारे १८ लाख कोटी होते; २०२४ पर्यंत ते जवळपास दुप्पट झाले, आणि नेमक्या त्याच वर्षांत यूपीआय घरोघर पोचलं. मुलं म्हणतात, ‘हे कसं शक्य आहे?’ लगेच सांगून टाकू नकोस. फिशरचं समीकरण (पैसा गुणिले त्याचा वेग म्हणजे भाव गुणिले व्यवहार) काढ, चलनवेगावर बोट ठेव, आणि घरी जाऊन आजीला विचारायला सांग की कपाटातली रोख किती दिवस पुरेल. रक्कम विचारायची नाही, फक्त दिवस. (मी एकदा रक्कम विचारायला लावली होती. दोन पालकांचे फोन आले.) मग त्यांनाच दिसतं की खर्चाची रोख आणि धास्तीची रोख वेगळ्या. पहिलीची जागा यूपीआयने घेतली, दुसरी करोनाच्या काळात फुगली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात रोख २०२०-२१ मध्ये १४ टक्क्यांच्या वर गेली होती, पुढे उतरली. नुसता एकूण आकडा बघणारा आणि प्रमाण बघणारा, दोघांची उत्तरं उलटसुलट येतात. हे त्यांना एकदा तरी अनुभवू दे.

पतधोरणाला वेळ कमी पडतो म्हणून लोक संस्थांचा इतिहास गाळतात. मी गाळते तो आयएस-एलएमचा (व्याजदर आणि उत्पन्न जोडणाऱ्या आलेखाचा) विस्तार. एक तास पुरे. त्याऐवजी घरच्या कर्जाचं पत्र. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या निकषाला, बहुतेक ठिकाणी रेपोला, बांधलेली आहेत. २०२२ च्या मे ते २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. आता गणित घाल: ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, ७ टक्क्यांनी हप्ता सुमारे २३,२६० रुपये. दर ९.५ झाला तर सुमारे २७,९६०. मग विचार, बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली तर किती वर्षं? मुलं कॅल्क्युलेटर घेऊन बसतात आणि उत्तर येईना म्हणून गोंधळतात. कारण पहिल्याच महिन्याचं व्याज २३,७५० होतं. हप्ता व्याजालाही पुरत नाही, कर्ज कधीच फिटणार नाही! धोरणाचं संक्रमण हा शब्द त्यानंतर उच्चार. आधी उच्चारलास तर तो नोट्समध्येच राहील.

रेपो दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची इतिवृत्तं हे वाचायला सर्वात चांगलं साहित्य, आणि फुकट. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होतात, सहाही जणांचं मत आणि कारण स्वतंत्र दिलेलं असतं. सहा मुलांना सहा सदस्य वाटून द्यायचे, त्यांच्या कारणांसकट बोलायचं, मतदान करायचं. २०२४ च्या जून आणि ऑगस्टच्या बैठका घे: चार विरुद्ध दोन, बाहेरचे दोन सदस्य दरकपातीच्या बाजूने. कपात झाली ती २०२५ च्या फेब्रुवारीत. दोघं बरोबर होते की लवकर होते, यावर वर्ग तापतो. महागाईचं लक्ष्य ४ टक्के, अधिक-उणे २, महागाई सलग तीन तिमाही त्याबाहेर राहिली तर सरकारला कारण कळवायचं, आणि २०२२ मध्ये ते एकदा करावं लागलं, पण पत्र जाहीर झालं नाही, हेही त्याच तासात.

बडोद्याबद्दल थोडं. परदेशी उदाहरणांची तक्रार करतेस आणि मांडवीवरून रोज स्कूटी घेऊन जातेस! त्या मांडवीतच २० जुलै १९०८ ला सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली. त्याच्या थोडं आधीपर्यंत या गावात बाबाशाही रुपया चालायचा, ब्रिटिश कलदार निराळा, आणि दोघांत वटाव. ई-रुपया आणि नोट एकास एक बदलते यात विशेष काय, असं मुलांना वाटतं तेव्हा त्यांना बाबाशाही सांगावा. दोन रुपये एका किमतीचे राहणं ही आपोआप घडणारी गोष्ट नव्हती.

आणि बाबासाहेब. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. १९१७ मध्ये नोकरीसाठी इथे आले तेव्हा या शहराने त्यांना राहायला छप्पर दिलं नाही. कमाटी बागेतली ती जागा मी दर बॅचला दाखवते. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. सुवर्ण विनिमय पद्धतीवर (रुपयाचा दर सोन्याशी बांधलेल्या परकी चलनात ठरवून ठेवण्यावर) त्यांचा आक्षेप होता की ती चलन काढणाऱ्याचा हात पुरेसा आखडत नाही, आणि विनिमय दरापेक्षा रुपयाची देशातली खरेदीशक्ती स्थिर राहणं गरिबासाठी जास्त महत्त्वाचं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सने त्याआधी १९१३ मध्ये त्याच पद्धतीची बाजू घेतली होती. महागाईचं लक्ष्य शिकवताना ही जोडी समोर ठेव, शंभर वर्षांपूर्वीचा वाद आजच्या समितीत चालू असल्यासारखा वाटतो. एक सांभाळ: ‘रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली’ असे फॉरवर्ड फिरतात. ते जसंच्या तसं उचलू नकोस. भारतीय चलनावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी दिलेली साक्ष नोंदलेली आहे, तेवढी भक्कम आहे. आय. जी. पटेलही बडोद्यात शिकलेले. १९७८ च्या जानेवारीत १,०००, ५,००० आणि १०,००० च्या नोटा रद्द झाल्या तेव्हा गव्हर्नर तेच होते, आणि त्या निर्णयाच्या बाजूचे नव्हते. २०१६ शिकवताना १९७८ शेजारी ठेव. तेव्हाच्या नोटा सामान्य घरात नसतच.

क्रिप्टोला दोन तास, जास्त नाहीत. मुलांना त्यातच रस असतो आणि ते तुला ओढतील. देणं कोणाचं? बिटकॉइनच्या बाबतीत कोणाचंच नाही, म्हणून ताळेबंदाची उजवी बाजू रिकामी. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना मनाई केली, २०२० च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर. कर लागतो म्हणजे चलन म्हणून मान्यता मिळाली असं नव्हे, हे वेगळं सांगावं लागतं. ब्लॉकचेनचं तंत्र संगणकवाल्यांवर सोड.

भाषेचं विचारलंस. मी तिन्ही भाषा फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि शब्दालाच प्रश्न विचारते. आपण ‘चलनवाढ’ म्हणतो, म्हणजे कारण शब्दातच ठरवून टाकलं: चलन वाढलं म्हणून भाव वाढले. ‘महागाई’ म्हटलं की फक्त भाव वाढले, कारण मोकळं. गुजरातीत ‘फुगावो’ आणि ‘मोंघवारी’ यांत तेच. वीस मिनिटांत परिमाण सिद्धांत आणि त्याचा प्रतिवाद दोन्ही झाले, पारिभाषिक कोश न उघडता. ‘पतधोरण’ मधली पत कोणती आणि कोणाची, हेही विचार. ‘थापण’ (ठेव) आणि ‘धिराण’ (कर्ज) लिहिलंस की गुजराती माध्यमाची मुलं आधी उत्तर देतात आणि इंग्रजीवाले त्यांच्याकडे बघत बसतात. वर्गाला त्याचा फायदा होतो.

गृहपाठाचे निबंध मी बंद केलेत. यंत्राने लिहिलेले, एकसारखे गुळगुळीत येतात. त्याऐवजी दहा मिनिटांची तोंडी. विद्यार्थ्याने स्वतःच्या पासबुकातली एक ओळ आणायची, खातेक्रमांक आणि शिल्लक झाकून, आणि त्या एका ओळीमागे किती संस्थांच्या वह्या हलल्या ते सांगायचं. साठ मुलांना वेळ लागतो, खरंय. मी दोन आठवड्यांत वाटून घेते. एका मुलाने स्कॉलरशिपची ओळ आणली होती आणि सरकारच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यापासून स्वतःच्या गावच्या शाखेपर्यंत न अडखळता आला. मधेच थांबून म्हणाला, ‘मॅडम, म्हणजे हा पैसा सरकारकडे होता तोवर एम-तीनमध्ये नव्हताच?’ नव्हताच. मी पूर्ण गुण दिले, आणि हा मुद्दा मी इतक्या वर्षांत एकदाही स्वतःहून शिकवला नव्हता, हेही त्याला सांगितलं.

फसवणुकीवर एक तास राखून ठेव, अभ्यासक्रमात नसला तरी. पिन घालायचा तो पैसे देताना, घेताना कधीच नाही, एवढं घरी जाऊन आजी-आजोबांना शिकवून या, हा तेवढा एकच गृहपाठ मी अजून देते.

एक रुपयाच्या नोटा आता सहज मिळत नाहीत आणि जुन्या नोटा विकणारे वाटेल ते भाव सांगतात, त्यांच्या नादी लागू नकोस. माझ्याकडे सहा आहेत, दोन जरा मळलेल्या. रविवारी सकाळी दांडिया बाजारात घरी ये, त्या दोन तुझ्या. येताना सेवउसळ आण, तिखट वेगळं.